आढी

पेंढ्यात गुंडाळून बाबांनी बावीस घुमटं दिली.
दोन टेम्पोतच फुटली, आमट्याच्या वळणावर.
उरलेली वीस मी जांबोटीच्या शाळेच्या मैदानात
गोणपाटावर मांडली, उघडी तोंडं खाली करून,
म्हणजे वारा आत शिरून उगीच बोलायला नको.

फलकावर कन्नड वर, मराठी खाली.
रंगवणारा डोंगरावरचा अनुस्वार विसरलेला.
कुणीतरी तो खडूने दिला,
दुपारपर्यंत पुसून गेला.

डावीकडे बुरुडाची गंगव्वा, सुपाची कड वळत, गालात सुपारी.
उजवीकडे गोकाकचा मौनेश चित्रगार,
लाकडाची केळी, लाकडाचं कारलं, लाकडाचे आंबे.
वांग्याला किडीचं भोकसुद्धा रंगवलेलं.
का, म्हटलं,
तर म्हणाला, नाहीतर कोण खरं मानणार, अक्का?

शहरातून आलेल्या बाईंनी विचारलं,
ह्यात काय शिजवतात?
काही नाही, म्हटलं. ह्यात हात घालतात.

मग धाकलू झोरे आला, तळेवाडीच्या गवळीवाड्यावरून, चालत.
एकेक घुमट उचलून बोटाच्या पेराने ठोकलं,
कान लावला, खाली ठेवलं.
सतरा नाकारली. अठरावं हातात राहिलं.
‘चामडं बकऱ्याचं?’
‘बकऱ्याचंच. घोरपडीला आता कायदा आहे.’
‘बरं झालं तिचं,
खरं आवाज जरा मठ्ठ झाला बघ.’
आणि विकत नाही घेतलं.
‘रात्री वाजवतो आणि आणून देतो,’ म्हणाला.

रात्री आधी कुठल्या भाषेत नाव पुकारायचं
यावर दोन निवेदकांचं जुंपलं,
माइक मध्येच शिट्टी मारत राहिला,
आणि लाइट गेली.
डिझेल आणायला कुणी तरी मोटरसायकल घेऊन गेलं.
अंधारात लोक एकमेकांना मोबाईलने शोधू लागले.

धाकलूने कधी सुरू केलं, कळलंच नाही.
घसा साफ करणं कुठे संपलं
आणि वाजवणं कुठून लागलं.
उजवा हात चामड्यावर,
डावा उघड्या तोंडावर, झाकत, सोडत,
जसं मडक्याच्या आत कुणी विचारतंय
आणि आतलंच दुसरं कुणी
‘हां, येतो’ म्हणतंय, आणि येत नाही.
मागे त्याच्या वाड्यावरची पाच माणसं,
म्हशी परतवताना घालतात तसली लांब हाळी.
कुठल्या भाषेतली ते मला सांगता येणार नाही.
गंगव्वाचे हात थांबले होते,
एवढं मात्र दिसलं, तिच्या बांगड्या वाजेनाशा झाल्या.

मग लाइट आली.
टाळ्या पडल्या, त्या लाइटीला.

धाकलूने घुमट मुंडाशाच्या शेवाने पुसून आणून दिलं.
राहू द्या तुम्हांला, म्हटलं.
‘ठेवू कुठं? म्हशी पाय देतात.’
ते मी वेगळं काढून ठेवलं आहे.
इतरांशेजारी ठेवून खूपदा पाहिलं.
फरक मला कळलेला नाही.

सहा विकली गेली.
सकाळी आवरताना मौनेशने एक आंबा पुढे केला
आणि एका घुमटाकडे बोट दाखवलं.
वाजवता येतं?
इल्ला, म्हणाला. मग अर्ध्या मराठीत,
नातू आहे, चार वर्षांचा, बोलत नाही अजून.
हात घालून बघेल.

घरी बाबा ओट्यावर.
भट्टीच्या धुराने म्हणा, वयाने म्हणा,
त्यांना आता वस्तूंच्या कडा दिसतात, मधलं दिसत नाही.
आंबा हातात दिला.
त्यांनी देठापाशी अंगठ्याने दाबलं,
नाकाशी नेला,
बराच वेळ नेलेलाच ठेवला.
मातीतला खडा चिमटीत ओळखणारी ती बोटं.
मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.
‘कुठला?’
‘गोकाकचा.’
‘कच्चा आहे. आढीत घाल.’

घातला.
खाली वर पेंढा, तोच, घुमटांचा.
रोज उजाडलं की ते भिंत धरत कोपऱ्यात जातात,
पेंढ्यात हात घालून चाचपतात,
आणि चहा मागता मागता मला सांगतात,
अजून नाही.